लाल पेन गोंदियात राहिलं

मी पुस्तकाबाहेर वाचलेला पहिला शब्द बहुधा 'गोंदिया' असावा. आमचं घर कऱ्हाड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी वडील मला फलाटावर फिरायला न्यायचे आणि कोल्हापूरहून येणाऱ्या गाडीच्या डब्यावरची पाटी वाचायला लावायचे. कोल्हापूर ओळखीचं होतं, त्यामुळे त्यात मजा नव्हती. गोंदिया म्हणजे काय, कुठे, तिथे माणसं काय खातात, काहीच ठाऊक नव्हतं. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले, एकवीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं, पण त्या पाटीवरच्या गावाला काही गेले नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत गेले, आणि तेही देव बघायला किंवा वाघ बघायला नाही. दुसऱ्याच एका शाळेतला पहिली-दुसरीचा वर्ग बघायला! नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "सुट्टीत शाळा बघायला जाणारी तू पहिलीच," म्हणाला.

त्याचं असं झालं. जूनपासून मी माझ्या वर्गात वाचन-लेखनाचे कोपरे सुरू केले होते. पोरांनी एका ओळीत बसून फळ्यावरचं उतरवून काढण्याऐवजी चार-पाच जणांच्या गटानं एकेका कोपऱ्यात बसायचं. कुठे वाळूत अक्षरं गिरवायची, कुठे शब्दकार्डं जुळवायची, कुठे गोष्ट वाचायची. पंधरा मिनिटांनी मी घंटा वाजवली की गटांनी जागा बदलायची. कार्डं मी लॅमिनेट केली, डब्यांना रंग दिले, मे महिना त्यात घालवला. आणि वर्गाचा बाजार झाला. एकतीस पोरं, पैकी निम्मी कायम माझ्यापुढे रांगेत. कोपरे रिकामे आणि बाई गर्दीत. सप्टेंबरात माझ्या वर्गातल्या श्रेयाच्या आईनं खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि मुख्याध्यापक सरांकडे तक्रार केली. सर भले आहेत, पण स्पष्ट आहेत. सुट्टी संपल्यावर सोमवारी पालकसभा ठेवतो, म्हणाले, तिथं कोपरे चालवून दाखवा. पालकांना पटलं तर ठेवा, नाहीतर मंगळवारपासून पुन्हा रांगा.

माझा जीव त्या कोपऱ्यांत अडकला होता. ते काढायचे म्हणजे मला हे जमलं नाही असं सगळ्या गावासमोर कबूल करायचं, आणि तेवढा मोठेपणा माझ्यात नाही.

तेव्हा आठवण झाली बिसेन मॅडमची. तीन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. त्या तिरोड्याच्या पुढच्या एका खेड्यात पहिली-दुसरी एकत्र शिकवतात आणि त्यांच्या वर्गात असेच कोपरे पाच वर्षं बिनबोभाट चालू आहेत. फोन केला. त्यांच्या जिल्ह्यातल्या शाळा आमच्यापेक्षा चार दिवस आधी उघडणार होत्या. "येऊन जा ना मग," त्या म्हणाल्या, "फोनवर काय समजते?"

मंगळवार-बुधवार: शेवटच्या स्टेशनापर्यंत

गाडी संध्याकाळी कऱ्हाडहून निघते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला टेकते. स्लीपरचं तिकीट सहाशेच्या आसपास. माझा सल्ला, रात्रीच्या जेवणासोबत दुसऱ्या दिवसाचीही शिदोरी घ्या. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. वर्ध्यापर्यंत ती समोरच्या बाकावरच्या मंडळींत वाटून संपली आणि पुढे मी त्यांच्या चिवड्यावर जगले. नागपूर गेलं की गाडी निम्मी रिकामी होते आणि बाहेरचा रंग बदलतो. आमच्याकडचा ऊस डोळ्यांवर चालून येतो. इथे सगळं सपाट, कापलेल्या धानाचं पिवळं रान आणि जागोजागी धानाचे पुंजणे, म्हणजे पेंढ्या रचून केलेले गोल ढीग.

खरं तर मी तिरोड्यालाच उतरायला हवं होतं. गाडी तिथे थांबते, मॅडमचं गाव तिथूनच जवळ, आणि त्यांनी दोनदा तसं बजावलंही होतं. पण चाळीस वर्षं जी पाटी वाचली ते गाव अर्ध्या तासावर आलेलं असताना मी अलीकडे उतरू? तिरोडा आलं तशी मी जागेवरच घट्ट बसून राहिले. गोंदियाला उतरून फलाटावरच्या पाटीसोबत सेल्फी काढला आणि वडिलांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "वाचता आलं का?"

स्टेशनजवळ साधी, स्वच्छ लॉज मिळाली. गावात पाऊल टाकलं की कानावर हिंदीच पडते. सकाळी पोह्याच्या गाडीवर मी आपल्या शुद्ध मराठीत एक प्लेट मागितली तर गाडीवाल्यानं विचारलं, "दीदी, तर्री ऊपर से या अलग?" मी ऐटीत वरून घ्यायला सांगितली. पुढची दहा मिनिटं मी नाक पुसत होते. कोल्हापूरच्या रश्श्याचा गर्व असणाऱ्यांनी इथे जरा जपून.

गुरुवार: विमानाला न बधणारा वर्ग

गोंदियाहून तिरोड्याला एसटी तासाभरात पोचवते. स्टँडवर बिसेन मॅडम स्कूटी घेऊन उभ्या होत्या. उंच, सडपातळ, केसांत पेन्सिल खोचलेली. पहिलं वाक्य, "काल उतरल्या काऊन नाई?" मी खरं कारण सांगितल्यावर खो खो हसल्या आणि तिरोडा ते शाळा सगळा रस्ता मला 'गोंदियावाली' म्हणत राहिल्या.

शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंत. मी कॅमेरा, वही आणि चक्क मोजपट्टी घेऊन आत शिरले. कोपऱ्यांची लांबी-रुंदी, कार्डांचा आकार, सगळं टिपून न्यायचं ठरवलं होतं. पहिल्या पाच मिनिटांत मोजपट्टी पर्समध्ये परत गेली, कारण मोजण्यासारखं काही नव्हतंच.

त्या कोपऱ्यांना ते 'बांधी' म्हणतात. बांधी म्हणजे धानाच्या शेतातला मातीचा बांध घातलेला एक तुकडा. एका बांधीत चार पोरं मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात राईस मिलमधून आणलेला धानाचा भुसा, त्यात बोटानं शब्द लिहायचा, शेजाऱ्यानं वाचला की सूप हलवलं, पाटी कोरी. दुसऱ्या बांधीत भिंतीवर मासे धरायचं फाटकं जाळं टांगलं होतं आणि त्याला कपड्यांच्या चिमट्यांनी शब्द अडकवलेले. तिथे पोरं चार शब्द धरून त्यांची गोष्ट बनवत होती. तिसरीत बिस्किटांचे कागद, चहाच्या पुड्या, खताच्या पोत्यांचे तुकडे, त्यावरचं वाचायचं. चौथी चिठ्ठ्यांची. पाचव्या बांधीत मॅडम स्वतः चार पोरांना घेऊन पुस्तक वाचत होत्या, आणि उरलेल्या पंधरा पोरांकडे बघतही नव्हत्या.

मी दाराशी बसून वाट पाहत होते, की आता कोणी उठेल, रांग लागेल. नाही. बिरसीच्या विमानतळावरून वैमानिक शिकायला येणारी छोटी विमानं इकडच्या आभाळात घिरट्या घालतात. त्यातलं एक कौलांवरून घरघरत गेलं. माझी मान वर गेली. पोरांपैकी एकाचीही गेली नाही.

घंटा तर नव्हतीच. एका गटाचं झालं की ती पोरं उठायची आणि पुढच्या बांधीत जागा असेल तिथे जाऊन बसायची. मी मधल्या सुट्टीत विचारलं, वेळ कशी ठरवता? मॅडमना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "वरची बांधी भरली का पाणी खालच्या बांधीत उतरते. मधात कोणी घड्याळ घेऊन उभं राहते का?" मी हे वहीत लिहून घेतलं. कळलं मात्र काही नव्हतं.

चिठ्ठीच्या बांधीचा नियम मला सगळ्यांत आवडला. एकानं चिठ्ठीवर काहीतरी करायला सांगायचं, दुसऱ्यानं ती वाचून तसं करायचं. झालं तर चिठ्ठी बरोबर. नाही झालं तर दोघांनी मिळून चिठ्ठी बघायची. तनू नावाची दुसरीतली एक मुलगी, दोन घट्ट वेण्या आणि सरपंचाचा तोरा, माझ्याकडे एकदा निरखून पाहून काहीतरी लिहायला बसली. तिनं चिठ्ठी शेजारणीला दिली, शेजारीण उठून बाहेर गेली आणि स्टीलच्या पेल्यातून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. चिठ्ठीवर 'मॅडमले पानी दे' असं होतं. मी मुकाट्यानं पाणी प्यायले.

मुक्काम मॅडमच्याच घरी होता. त्यांचं कुटुंब पोवार, पूर्वज कधीकाळी माळव्यातून आलेले, घरात आपापसात पोवारी बोलतात. मला त्यातलं निम्मं कळायचं, उरलेल्या निम्म्यावर मी हसून वेळ निभावत होते. जेवायला नवीन तांदळाचा वाफाळता भात, वांग्यात घातलेले सुके झिंगे आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. वडे मी किती खाल्ले हे इथे लिहिणार नाही.

शुक्रवार: माझा प्रताप

आता खरं सांगायची वेळ आली. सकाळी मॅडमना कसलीशी ऑनलाइन माहिती तातडीनं भरायची होती, म्हणून त्या मोबाईलला रेंज शोधत ओट्यावर गेल्या. त्या निघताना मी स्वतः म्हणाले, चिठ्ठीची बांधी मी सांभाळते. एकवीस वर्षांचा अनुभव आहे, म्हणाले.

तनूनं चिठ्ठी लिहिली, 'दार लाव'. सुंदर, टपोरं अक्षर. माझ्या ड्रेसच्या खिशाला कायम लाल पेन असतं. ते कधी हातात आलं मला कळलंच नाही. तिनं चिठ्ठी शेजारणीला देण्याआधीच मी ती घेतली, वाचली, कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "छान!"

तनूनं त्या लाल खुणेकडे पाहिलं. मग चिठ्ठीची घडी घालून ती दप्तरात ठेवली. शेजारणीला दिलीच नाही. दार उघडंच राहिलं.

पण हे सगळं माझ्या नंतर लक्षात आलं. त्या क्षणी मला फक्त दिसलं, की शेजारणीनंही घाईघाईनं चिठ्ठी लिहून माझ्यापुढे धरली आहे. तिलाही खूण दिली, तिलाही छान म्हटलं. मग भुशाच्या बांधीतला एकजण सूप घेऊन उठला, माझा शब्द बघा म्हणून. जाळ्याजवळची पोरं जाळं सोडून आली. पुडीवाले पुड्यांसकट आले. मॅडमच्या बांधीत वाचत बसलेले चौघे पुस्तक उघडं टाकून आले. विमानाला जे जमलं नाही ते माझ्या पेनानं दहा मिनिटांत करून दाखवलं. अख्खा वर्ग माझ्यापुढे रांगेत, मागचे पुढच्यांना ढकलतायत, भुसा फरशीभर, आणि मी घामाघूम होऊन खुणा करतेय. माझाच वर्ग! कऱ्हाडहून अख्खा उचलून इथे आणून ठेवल्यासारखा.

मॅडम दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्या ओरडल्या नाहीत की पोरांना जागेवर पाठवलं नाही. त्यांनी माझ्यासमोरच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, तनूकडूनही तिची मागून घेतली, एकेक वाचली. दार लाव. फळा पूस. मले गोष्ट सांग. चौदा चिठ्ठ्या, चौदाही बरोबर, चौदांवर लाल खूण. दार उघडं होतं, फळा तसाच होता आणि कोणी कोणाला गोष्ट सांगितली नव्हती.

मग त्या माझ्याजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, पाणी तुमीच अडवून राहिल्या."

मला रडू आलं. खरंच आलं, पहिली-दुसरीतल्या पोरांच्या देखत. पाच महिने मी पटसंख्येला दोष दिला होता, खोलीला दिला होता, श्रेयाच्या आईला तर रोज देत होते. माझी ती लॅमिनेट केलेली कार्डं, ते रंगीत डबे, सगळं ठीक होतं. मधे मी उभी होते. पोरगं स्वतः लिहितंय, स्वतः पडताळतंय, तेवढ्यात मी जाऊन 'बरोबर' म्हणत होते आणि त्याचं काम तिथेच संपवत होते. मास्तर माणसाला आपण उपयोगाचे आहोत असं वाटायला काहीतरी लागतं. मला ते पेन लागत होतं.

मॅडमनी मला पेन बंद करायला सांगितलं, मग तनूला विचारलं, तुझी चिठ्ठी कोणी वाचली? तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मग दार कोणी लावलं? तनूनं दाराकडे पाहिलं, मॅडमकडून आपली चिठ्ठी परत घेतली आणि शेजारणीला दिली. दार लागलं. वर्ग पुन्हा आपापल्या बांधीत जाऊन बसायला पाव तास गेला. फरशीवरचा भुसा मी झाडला.

शाळा सुटायच्या वेळी मी पर्स उचलली तर तनू पुढ्यात उभी. तिनं माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. मी वाचली, 'पेन ठेवून जा'.

मी बिसेन मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे बघून काय होते? वाचता आलं ना?"

मी खिशाचं पेन काढून तनूला दिलं. तिला ते कशाला हवं होतं याचे मी मॅडमच्या घरापर्यंत काय काय थोर अर्थ लावले असते, पण तिनं ती सवडच दिली नाही. ती थेट जाळ्याकडे गेली आणि एका शब्दकार्डावर लाल मासा काढायला बसली.

संध्याकाळी मॅडम मला बोदलकशाला घेऊन गेल्या. तलाव शाळेपासून स्कूटीवर वीस मिनिटं, चहूकडे झाडी, पाण्यात डोंगी घेऊन जाळं आवरणारी दोन माणसं. गोंदियाकडे आलात तर संध्याकाळ इथेच काढा, फक्त अंगावर काहीतरी गरम असू द्या. तिथे काठावर बसून त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी शाळेला वाचन साहित्याची मोठी पेटी आली होती. कोणी तपासायला आलं तर सगळं शाबूत हवं, म्हणून त्यांनी ती कपाटात कुलूप घालून ठेवली. दोन वर्षांनी उघडली तर वाळवीनं सगळं वाचून काढलं होतं. "तेव्हापासून मी भुसा आणि फाटलेलं जाळंच वापरून राहिली," त्या म्हणाल्या. "ते खराब होईन म्हणून कोणाले भेव नाई." मग हळूच विचारलं, सोमवारी काय करणार? मी म्हटलं, माहीत नाही. आणि ते अगदी खरं होतं.

सोमवार: कऱ्हाड

शनिवारी सकाळी तिरोड्याहूनच गाडी पकडली, शहाण्यासारखी. सोबत पाच किलो नवीन तांदूळ आणि मॅडमच्या सासूबाईंनी बळंच दिलेले वडे. रविवारी घरी, सोमवारी वर्गात.

सकाळच्या तासांना पोरांना फक्त चिठ्ठीचा नियम सांगितला आणि घंटा कपाटात टाकली. पहिला तास भयंकर गेला. दहा वेळा हात खिशाकडे गेला, खिसा रिकामा. पोरं येऊन उभी राहायची, मी म्हणायची, शेजाऱ्याला दे. काही रुसली, एक रडला. दुपारी तीनला पालक आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मुख्याध्यापक सर दारात. श्रेयाची आई सगळ्यांत पुढे, मोबाईल आडवा धरून. ती वर्गाचं चित्रीकरण करत होती. पुरावा म्हणून.

श्रेया म्हणजे आमच्या रांगेची कायमची पहिली. दोन शब्द लिहिले की ती माझ्यापुढे हजर, खूण मिळाल्याशिवाय तिसरा शब्द नाही. ती चिठ्ठीच्या कोपऱ्यात बसली होती. तिनं काहीतरी लिहिलं आणि सवयीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. ती बघत राहिली. मी हात तसेच धरून ठेवले. एवढं अवघड काम मी एकवीस वर्षांत केलेलं नाही.

मग ती उठली. माझ्याकडे आली नाही. सगळा वर्ग ओलांडून भिंतीपाशी गेली आणि चिठ्ठी आईच्या हातात दिली.

आईनं एका हातानं ती उघडली. वाचली. पुन्हा वाचली. चेहरा जरा लाल झाला, मग तिला हसू आलं. मोबाईल तिनं पर्समध्ये टाकला आणि पोरीच्या मागोमाग येऊन कोपऱ्यात मांडी घालून बसली.

कोपरे उन्हाळ्यापर्यंत ठेवायचं ठरलं. पुढचं पुढे बघू, असं सर म्हणाले, आणि तेही रास्त आहे. वर्ग अजून कधी कधी बाजार होतो. हात अजूनही खिशाकडे जातो.

ती चिठ्ठी मी श्रेयाच्या आईकडे मागितली होती, तुम्हांला दाखवायला म्हणून. तिनं दिली नाही. घरी फ्रिजवर लावली आहे म्हणे. त्यामुळे शब्द मीच सांगते. 'आई मोबाईल ठेव मला बघ'. त्यावर कुठलीही खूण नाही.